आजोबांची मिल आणि दीड लाखांचा कोर्स

पत्र असं आहे:

"ताई, मी २६ वर्षांची. इंदूरला रामबागेत राहते. एका हिंदी दैनिकात डेस्कवर उपसंपादक आहे, म्हणजे चार वर्षं दुसऱ्यांच्या बातम्या सरळ करते आहे. आता मला स्वतः बाहेर पडून ऑडिओ आणि व्हिडिओ बातमीदारी करायची आहे. भंवरकुआँजवळ एका इन्स्टिट्यूटमध्ये सहा महिन्यांचा कोर्स आहे, फी दीड लाख. पगार २२ हजार. बाबा म्हणतात, कर्ज काढ, मी हमी राहतो. शिवाय कॅमेरा लागेल, तो वेगळा. माझे आजोबा इथल्या हुकुमचंद कापड मिलमध्ये होते. त्यांच्या आठवणींवर काही करावं असं फार दिवस मनात आहे. ते आता ८१ वर्षांचे आहेत. पण रेकॉर्डिंगमध्ये मला माझा स्वतःचा आवाज ऐकवत नाही. अनोळखी माणसासमोर माइक धरायचा विचार केला तरी हात थरथरतो. आणि माझी मराठी इंदुरी आहे, पुण्याची चुलत भावंडं हसतात. कोर्स करू का? नाही तर सुरुवात कुठून करू? नाव छापू नका."

कर्ज काढू नकोस. हे आधी सांगते, म्हणजे बाबांना आजच सांगता येईल.

२२ हजारांच्या पगारातून दीड लाखाचा हप्ता सुरू झाला की कोर्स संपल्यावर जी पहिली नोकरी मिळेल ती घ्यावी लागते, आणि ती बहुतेक दुसऱ्यांचं फुटेज कापण्याची असते. म्हणजे पुन्हा डेस्कच, फक्त पडदा वेगळा. शिकण्याची जी साधनं कोर्समध्ये दाखवतात, ती आज तुझ्या घरात फुकट येतात. आवाज कापायला ऑडॅसिटी पूर्ण मोफत आहे. व्हिडिओला डाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती तुला पुढची काही वर्षं पुरेल. तुझा संगणक तिच्यासाठी कमी पडला तर केडेनलाइव्ह आहे, तेही मोफत. कोर्स जे खरंच देऊ शकतो ते म्हणजे तुझं काम बसून ऐकणारा माणूस. त्या इन्स्टिट्यूटमध्ये जा आणि मागच्या तुकडीतल्या मुलांनी केलेली कामं दाखवा म्हण. जाहिरातीची फिल्म नको, मुलांनी स्वतः बाहेर जाऊन केलेल्या बातम्या. शिकवणारा प्रत्येकाच्या कामावर किती वेळ बसतो, ते विचार. दाखवायला काही नसेल तर तुला उत्तर मिळालं. पुढे पदवी हवीच वाटली, तर देवी अहिल्या विश्वविद्यालयाचा पत्रकारिता विभाग तुझ्या शहरात आहे आणि भोपाळला १९९० पासून माखनलाल चतुर्वेदी विद्यापीठ आहे. खाजगी इन्स्टिट्यूटकडे वळण्याआधी तिथल्या फीची चौकशी कर. पण ते सगळं नंतर.

आत्ता तुझ्याकडे काय आहे ते तुला दिसत नाहीये, म्हणून मी सांगते. चार वर्षं तू लोकांची लांबलेली वाक्यं कापली आहेस, आकडे तपासले आहेत, "ही माहिती कुणी दिली?" हा प्रश्न रात्री उशिरा बातमीदाराला फोन करून विचारला आहेस. कॅमेरा चालवता येणारी मुलं आपल्या शहरात भरपूर आहेत. लग्नाचे व्हिडिओ काढणारी पोरं इतकं सुंदर टिपतात की मी थक्क होते. बातमी तपासता येणारी माणसं मात्र मोजकी आहेत, आणि तू त्यांच्यातली आहेस. तुला शिकायचं आहे ते एवढंच, की ही सवय कानाने आणि डोळ्याने कशी वापरायची.

आणि ती कानापासून सुरू कर. पहिले सहा महिने व्हिडिओला हात लावू नकोस. चित्र थोडं हललेलं, अंधारलेलं असलं तरी लोक बघतात; आवाज नीट ऐकू आला नाही तर लगेच पुढे सरकवतात. पण माझं खरं कारण दुसरं आहे. कॅमेऱ्यात लांबून झूम करता येतं. माइकला झूम नाही. चांगला आवाज हवा असेल तर माणसाच्या जवळ जावंच लागतं, हातभर अंतरावर बसावं लागतं, त्याच्या डोळ्यात बघावं लागतं. तोंडापासून माइकचं अंतर दुप्पट झालं की थेट आवाज सहा डेसिबलने उतरतो, खोलीचा घुमारा मात्र तेवढाच राहतो, आणि ऐकणाऱ्याला लगेच कळतं की बातमीदार लांब उभा होता. तुझा हात थरथरतो ना, त्याचा इलाजही इथेच आहे. जवळ बसून बोलायची सवय ऑडिओ लावतो. ती लागल्यावर कॅमेरा घेतलास तरी तू दारात उभी राहणार नाहीस.

यंत्र म्हणशील तर तुझा फोन चालेल. एक तारेचा क्लिप माइक घे, साधा, हजार रुपयांच्या आतबाहेर मिळतो. घेताना पिन बघ: फोनला चार भागांची पिन लागते, कॅमेऱ्याला तीन भागांची, आणि दुकानदार पुष्कळदा चुकीची देतात. तुझ्या फोनला गोल पिनेची जागाच नसेल तर टाइप-सीचा माइक घे. माइकवर फोमची टोपी हवीच. टिळकनगरच्या मोकळ्या रस्त्यावर वाऱ्याची झुळूक रेकॉर्डिंगमध्ये वादळासारखी येते. आणि कान पूर्ण झाकणारा हेडफोन. यावर पैसे वाचवू नकोस, कारण रेकॉर्डिंग चालू असताना हेडफोन कानाला नसेल तर तू अंदाजाने काम करते आहेस.

रेकॉर्डिंग वेव्ह (WAV) फाइलमध्ये कर, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. एका माइकचं असं रेकॉर्डिंग मिनिटाला साधारण ९ एमबी घेतं, म्हणजे तासाभराची मुलाखत फोनमध्ये सहज मावते. बोलण्याची पातळी मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू दे. शून्याला टेकली की आवाज फाटतो, आणि तो नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने पूर्ण सुधारत नाही. फोन एअरप्लेन मोडवर. घरी आल्यावर काहीही करण्याआधी दोन वेगळ्या ठिकाणी प्रत. तांत्रिक भाग सुरुवातीला एवढा पुरे.

सरावाला इंदूरइतकं चांगलं शहर मला माहीत नाही, आणि हे मी इथे वाढले म्हणून म्हणत नाही. सराफ्याचंच घे. दिवसा सोन्याचांदीची पेढी, रात्री खाण्याचा बाजार. मधला जो तास आहे, दुकानांची शटरं पडतात आणि त्यांच्याच ओट्यांवर शेगड्या लागतात, तो तास फक्त आवाजात पकड. एकही शब्द न बोलता दोन मिनिटांचा तुकडा कर: शटर, कुलूप, झाडू, भांडी, गॅस पेटल्याचा आवाज, पहिलं तेल तापलं, पहिलं गिऱ्हाईक. हे जमलं तर बदल दाखवायला निवेदन लागतंच असं नाही, हे तुझ्या हाताला कळेल. प्रत्येक आवाज निदान मिनिटभर घे. नवी माणसं दहा सेकंदांत थांबवतात आणि घरी येऊन हळहळतात.

रंगपंचमीच्या गेरवर, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीवर, मात्र पहिल्याच वर्षी जाऊ नकोस. राजवाड्यासमोरचा तो आवाज मोठा मोह आहे, पण फोनचा माइक तिथे हमखास फाटतो, रंग आणि पाणी आत जातं, आणि डीजेवर सिनेमाची गाणी चालू असतात. मागे गाणं वाजत असताना घेतलेली मुलाखत कापताच येत नाही, प्रत्येक कापावर गाणं उडी मारतं. आणि ती यूट्यूबवर चढवलीस की कॉपीराइटचा दावा येतो. हीच अडचण पोह्याच्या दुकानांवरही येते. रेडिओ लावलेला असेल तर दोन मिनिटं बंद करायला सांग. इंदूरचा माणूस नाही म्हणत नाही, उलट जिलेबी खाऊ घालतो.

आता तुझा आवाज. आपला आवाज आपण रोज दोन वाटांनी ऐकतो: हवेतून, आणि कवटीच्या हाडांतून. हाडांतून येणारा भाग खर्जाचा असतो. रेकॉर्डिंगमध्ये तो नसतो, म्हणून आपलाच आवाज पातळ आणि परका वाटतो. बाकी जगाने तुझा तोच आवाज आजवर ऐकला आहे, आणि त्यांना तो तुझाच वाटतो. रोज वर्तमानपत्रातला एक छोटा मजकूर वाचून रेकॉर्ड कर आणि ऐक. महिनाभरात परकेपणा जातो. फक्त टीव्हीवरच्या निवेदिकांसारखं वाचू नकोस. समोर एक माणूस आहे असं धर, आणि त्याला सांग.

इंदुरी मराठीबद्दल तू लिहिलंस तेव्हा मला आपल्या आकाशवाणीची आठवण झाली. इंदूर केंद्र १९५५ साली सुरू झालं. त्याच्या शेतकऱ्यांसाठीच्या कार्यक्रमात नंदाजी आणि भेराजी माळवीत गप्पा मारायचे. खताची माहिती, बियाण्याची माहिती, सगळं ओट्यावर बसून बोलल्यासारखं. खेड्यापाड्यांतून लोक त्यांच्यासाठी रेडिओ लावायचे, कारण ती दोघं त्यांच्यातली वाटायची. तुझी मराठी होळकरांच्या काळापासून इथे नांदलेल्या घरांची आहे. तिच्यात हिंदी आणि माळवी मिसळलेली आहे, ती तशीच राहू दे. व्याकरण आणि उच्चार स्वच्छ ठेव, हेल बदलू नकोस. हसणाऱ्या भावंडांना तुझा पहिला तुकडा ऐकव, बाकी काही बोलू नकोस.

लिहिणं मात्र बदलावं लागेल, आणि तुला सगळ्यात जड हेच जाईल. वर्तमानपत्राचा वाचक वाक्य अडलं तर मागे जातो. ऐकणारा मागे जात नाही, तो भाजी चिरत असतो किंवा गाडी चालवत असतो. समज, डेस्कवर तुझ्यापुढे असं वाक्य आलं: "जलूद येथील पंपिंग केंद्रात देखभाल-दुरुस्तीचे काम हाती घेण्यात येणार असल्याने शहराच्या पश्चिम भागातील टाक्या पूर्ण क्षमतेने भरल्या जाणार नसून परिणामी उद्या सकाळचा पाणीपुरवठा बाधित होणार आहे." छापायला ते चालून जाईल. कानाला ते असं हवं: "उद्या सकाळी नळाला पाणी कमी येईल. पश्चिम इंदुरात. आपलं पाणी सत्तरेक किलोमीटरवरून, नर्मदेवरच्या जलूदहून येतं. तिथले पंप दुरुस्तीला काढले आहेत." आधी माणसाला काय होणार ते, मग कुठे, मग का. एका वाक्यात एक गोष्ट. कुणी सांगितलं ते वाक्याच्या सुरुवातीला: "महापालिकेचं म्हणणं आहे की…", कारण शेवटी सांगितलंस तर ऐकणाऱ्याने ते आधीच तुझं मत म्हणून ऐकलेलं असतं. आकडा एका परिच्छेदात एकच. लिहून झालं की मोठ्याने वाच. जिथे श्वास अडकेल तिथे वाक्य तोड.

आजोबांकडे येते. हे काम लवकर कर. या रविवारी जमलं तर या रविवारी.

पहाटे बस, म्हणजे पंखा-कूलर बंद ठेवता येईल आणि रस्ता शांत असेल. गाद्या-उशांची, पडद्यांची खोली निवड; रिकाम्या, फरशीच्या खोलीत आवाज घुमतो. पहिल्यांदा त्यांचं नाव, वय, कोणत्या खात्यात होते, कोणत्या साली लागले हे त्यांच्याच तोंडून घे. त्यात तुझी आवाजाची पातळी तपासून होते, आणि नाव-साल कायमचं नोंदलं जातं. "मिल बंद पडली तेव्हा काय वाटलं?" असं विचारू नकोस. त्याला उत्तर येतं, "वाईट वाटलं", आणि बोलणं तिथेच संपतं. असं विचार: भोंगा झाला की घरात काय काय व्हायचं? डबा कोण द्यायचं, त्यात काय असायचं? खात्यात शिरलं की कान कसे व्हायचे? मशीन चालू असताना शेजारच्याशी कसं बोलायचात? पगाराच्या दिवशी घरी येताना कोणत्या रस्त्याने यायचात? अनंत चतुर्दशीच्या झांकीवर रात्ररात्र कोण बसायचं, कागद-बांबू कुठून यायचा? मिरवणुकीतल्या देखाव्यांची शंभरेक वर्षांची ती परंपरा मिलमजुरांनी हातावर पेलली, आणि आजही शहर रात्रभर रस्त्यावर उभं राहून ती बघतं; पण ती बांधणाऱ्या हातांचे आवाज फार थोडे जपले गेले असतील.

ते बोलत असताना "हो, हं, अच्छा" करू नकोस, मान हलव. तुझा प्रत्येक हुंकार त्यांच्या वाक्यावर छापला जातो आणि निघत नाही. ते थांबले की तूही थांब. मनात पाचपर्यंत मोज. पुष्कळदा खरं बोलणं त्या थांबण्यानंतर येतं. शेवटी दोघंही अगदी गप्प बसा आणि त्या खोलीची शांतता अर्धा मिनिट रेकॉर्ड कर. काम जोडताना कापांच्या फटी भरायला ती लागते.

आणि मग, बातमीदार म्हणून, त्यांनी सांगितलेलंही तपासून घे. प्रेम आहे म्हणून सूट नाही. मिल १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडली. मजुरांच्या थकबाकीचा लढा न्यायालयात तीस वर्षं चालला, आणि डिसेंबर २०२३ मध्ये सुमारे २२४ कोटी रुपयांच्या वाटपाला वाट मोकळी झाली. आजोबांना त्यातलं काय मिळालं, कधी मिळालं, कागद कुठे आहेत? त्यांच्या खात्यातले कोण कोण तोवर राहिले नव्हते, त्यांच्या वारसांना काय कागद आणावे लागले? आजोबा एक साल सांगतील, कागदावर दुसरं निघेल. कागदाचं साल निवेदनात घे, आणि त्यांना ऐकवून सांग की मी असं घेतलं. मजुरांच्या संघटनेतली माणसं शोध, मिलच्या जमिनीचं पुढे काय होणार आहे ते संबंधित कार्यालयात लेखी विचार. तुझ्या आजोबांच्या आठवणी घरातल्यांसाठी मोलाच्या आहेतच. पण ३० वर्षं हक्काचा पैसा का अडकला, हे शहराने ऐकायला हवं, आणि ते तू करू शकतेस, कारण त्या दारातून आत जायला तुला कुणाची ओळख लागत नाही. सुरुवातीलाच ऐकणाऱ्याला सांग की हे माझे आजोबा आहेत. ते लपवलंस तर पुढच्या सगळ्यावरचा विश्वास जातो.

घरी आल्यावर लगेच सॉफ्टवेअर उघडू नकोस. आधी पूर्ण मुलाखत कागदावर उतरव, शब्दन् शब्द, शेजारी मिनिट-सेकंद. फोनमधले उतरवून देणारे ॲप मदतीला घे, पण इंदुरी मराठीत ते अडखळतात, तेव्हा कानाने तपास. मग पेन घेऊन कागदावरच निवड कर. हे तुझं रोजचं काम आहे, तू ते कुणाहीपेक्षा चांगलं करशील. चाळीस मिनिटांतून चार मिनिटं निघतील. आवाजात जे माणूस चांगलं सांगतो (भीती, राग, चव, नक्कल) ते त्याच्या तोंडी ठेव. तारखा, आकडे, कोर्टाचा क्रम तू निवेदनात सांग. पॉडकास्टसाठी शेवटी एकूण पातळी उणे १६ एलयूएफएसच्या (कानाला आवाज किती मोठा वाटतो त्याचं हे माप) आसपास आण, मोनो, म्हणजे एकाच वाहिनीचं, असेल तर उणे १९. ऑडॅसिटीत त्याची सोय आहे.

कापताना एक मर्यादा मनाशी पक्की कर. दोन वाक्यं जोडून माणूस जे बोललाच नाही ते त्याच्या तोंडी येत असेल तर ती जोडणी टाकून दे, कितीही सुंदर वाटली तरी. दुसऱ्या कारखान्याच्या मशीनचा आवाज "मिल" म्हणून खाली घालू नकोस. दुःखाच्या बोलण्याखाली बासरी नको. हे मी कळकळीने सांगते, कारण आज घराघरात असले तुकडे फिरतात आणि लोकांना खऱ्याखोट्याचा भेद कळेनासा झाला आहे. पुढे गुन्ह्यांच्या बातम्यांवर काम केलंस तर लक्षात ठेव की लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, मुलांच्या बाबतीत पॉक्सो कायद्याचं कलम २३ आहे, आणि ऑडिओत आवाज हीच ओळख असते. आवाज जाड-पातळ करून भागत नाही, तो परत मूळ पट्टीवर आणता येतो. अशा वेळी त्यांचे शब्द दुसऱ्या कुणाकडून वाचून घे, आणि तसं सांग.

सहा महिन्यांनी व्हिडिओ. तेव्हाही तोच फोन, आणि एक ट्रायपॉड. सेटिंगमध्ये सेकंदाला २५ फ्रेम ठेव आणि कॅमेऱ्याचं शटर एक पन्नासांश सेकंद. आपली वीज ५० हर्ट्झची आहे. दुसऱ्या आकड्यांवर ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी पडद्यावर लपलपतात. फोनच्या मूळ कॅमेऱ्यात हे आकडे बदलता येत नसतील तर मोफत ॲप मिळतात. काही फोन फ्रेमचा वेग आपल्या मनाने कमीजास्त करतात, त्यामुळे लांब मुलाखतीत ओठ आणि आवाज हळूहळू सुटत जातात. तसं दिसलं तर कापण्याआधी फाइल स्थिर वेगात रूपांतरित करून घे.

चित्र घेताना कॅमेरा हलवू नकोस, माणसाला हलू दे. एकच क्रिया निवड, समज आजोबा पेटीतून मिलचं ओळखपत्र काढताहेत, आणि ती पाच बाजूंनी घे: फक्त हात, फक्त चेहरा, दोन्ही एकत्र, त्यांच्या खांद्यामागून, आणि एक अशी बाजू जी कुणी सहसा घेत नाही. प्रत्येक शॉट दहा सेकंद स्थिर. या पाचांतून साधं दृश्य जोडता येतं, आणि मुलाखतीतला काप झाकायला तुझ्याकडे काहीतरी असतं. मुलाखतीत खिडकी त्यांच्या बाजूला किंवा तिरकी समोर ठेव, पाठीमागे नको. क्लिप माइक कॉलरवर. शाल असेल तर ती त्यावर घासणार नाही असा.

जुन्या मिलची दृश्यं तुझ्याकडे नसणार. इंटरनेटवरून दुसऱ्या गिरणीची उचलू नकोस. जे आहे ते दाखव: ओळखपत्र, पगाराची पावती, आज ती जागा जशी आहे तशी, अनंत चतुर्दशीला झांकी बांधणारी माणसं. आणि जिथे दाखवायला काहीच नाही तिथे आजोबांचा चेहरा दाखव, ते सांगताहेत तेवढा वेळ. तू सहा महिने आवाजावर काम केलेलं असलं की एवढा धीर येतो.

हे ऐकवायचं कुठे? खाजगी एफएमवर स्वतःच्या बातम्या द्यायला आपल्या देशात परवानगी नाही, तिथे आकाशवाणीचीच बातमीपत्रं पुन्हा लावता येतात. रेडिओ मिर्चीचं पहिलं केंद्र २००१ मध्ये आपल्या इंदुरातच सुरू झालं, तेव्हापासून शहराला एफएमवर गाणी आणि गप्पा भरपूर मिळाल्या. स्थानिक बातमीची जागा तिथे रिकामीच राहिली. त्यामुळे तुझं काम पॉडकास्टवर, डिजिटल माध्यमांवर आणि आकाशवाणीवर राहील. आकाशवाणीच्या मालवा हाउसमध्ये जाऊन तरुणांच्या कार्यक्रमांसाठी आणि नैमित्तिक उद्घोषकांसाठी आवाजाची चाचणी कधी असते ते विचारून ये. आणि सगळ्यात आधी तुझ्याच दैनिकाच्या वेब विभागाच्या माणसाकडे जा. त्यांना व्हिडिओ रोज हवे असतात आणि तपासलेले क्वचित मिळतात. आठवड्यातून एक तुकडा मी देते म्हण, डेस्कचं काम सांभाळून. नोकरी सोडू नकोस; तिथल्या जुन्या अंकांपर्यंत तुझा हात पोचतो, आणि मिलच्या कामात ते अंक लागणार आहेत. एक तुकडा हिंदीत केलास तर तोच मराठीतही कर. दुसऱ्या भाषेतला माणूस बोलत असेल तर त्याचा मूळ आवाज आधी तीन-चार सेकंद पूर्ण ऐकू दे, मग हळू करून त्यावर तुझं भाषांतर घे.

अनोळखी माणसासमोरचा थरकाप राहिला. माइक पुढे करण्याआधी तीन गोष्टी सांग: मी कोण, कशासाठी विचारते, हे कुठे ऐकवलं जाईल. नाही म्हणण्याची मोकळीक दे. तुझ्या लक्षात येईल की हे सांगताना तुझाच आवाज स्थिर होतो, कारण लपवायला काही उरत नाही. सुरुवात गल्लीतल्या माणसांपासून कर, रामबागेत तुला ओळखणारी इस्त्रीवाली, दूधवाला, ग्रंथालयातले काका. पंधरवड्याला दोन मिनिटांचा एक तुकडा पूर्ण कर. अर्धवट दहा करण्यापेक्षा संपवलेला एक जास्त शिकवतो. आणि तुझ्यासारखीच धडपडणारी दोन-तीन मुलं शोधून महिन्यातून एकदा एकमेकांचं काम बसून ऐका. दीड लाखांत जे मिळायला हवं होतं, त्यातलं बरंचसं तिथे मिळेल.

आजोबांचा पहिला तुकडा तयार झाला की मला पाठव. चार मिनिटांहून लांब नको, संगीत नको, आणि सोबत पूर्ण मुलाखतीचा लिहून काढलेला उतारा जोड. मी तो उतारा हातात धरून ऐकेन आणि तू काय वगळलंस त्याबद्दल तुला लिहीन.